परतीचा सीन

तलवारी मी केल्या.
ट्रॉलीच्या कमानपट्ट्यातून दोन खऱ्या,
बाकी अकरा पुठ्ठ्याच्या, वर चांदी कलर.
खऱ्या इतक्या जड
की हिवराज एका हातानं उचलायचा तेव्हा
कॅमेऱ्याबाहेरून त्याचं कोपर
मी धरलेलं असायचं.

यादोराव नाकाडे, डायरेक्टर,
एरवी लग्नांचं शूटिंग करणारा.
नवरदेव उशिरा आला त्या एका दुपारी
पत्रिकेच्या मागं त्यानं कथा लिहिली म्हणे:
धान मळणारा गडी
मशीनच्या पोटात ओढला जातो
आणि निघतो थेट राजाच्या काळात.
कोणत्या राजाच्या?
"राजाच्या," यादोराव म्हणाला.
"नाव घेतलं का कागदं लागते."

थ्रेशर माझ्या मामाचं.
आत दिवाळीची लाल-निळी माळ,
धुरासाठी ओला पालापाचोळा.
हिवराज खोकत खोकत तीनशे वर्षं मागं गेला,
पहिल्याच टेकमध्ये,
दुसऱ्यापुरतं डिझेल नव्हतं.

मागं म्हणजे पहाडीवर, पडक्या बुरुजापाशी.
तिथं कुठूनही कॅमेरा लावा,
मोबाईलचा टॉवर येतोच.
शेवटी पर्वताबाईच्या तोंडी घातलं:
"तो पाय माह्या लोखंडी वेताळ,
दिवसरात्र उभा, साऱ्याइचं बोलनं आयकते."
अख्ख्या सिनेमातलं तेवढंच
गावाला अजून पाठ आहे.

पर्वताबाई जादूगरीण.
चाळीस सीझन ती नाटकांतून आई झाली, झाडीपट्टीभर;
रात्रभर रडायचं आणि सकाळी एसटी धरायची.
आता केसांत मोरपिसं, कपाळभर शेंदूर,
पण शाप देताना आवाज जुनाच लागायचा.
"भस्म होशील पोट्ट्या!"
म्हणत ती त्याच्या खांद्यावरची धूळ झटकायची.
कट, म्हणायचा यादोराव.
"बरं बापा," म्हणायची ती,
आणि पुन्हा झटकायची.
चौथ्यांदा त्यानं कट म्हणणं सोडलं.

सैन्य सतरा जणांचं.
मेलेला बुरुजामागून फिरून
पुन्हा मरायला यायचा.
श्रावण टेंभुर्णे नऊदा मेला,
एकदा घड्याळासकट.

राहिला तो परतीचा सीन.
धूर, मशीन, आणि हिवराज बाहेर,
खळ्यात, आजच्या उन्हात.
पण हंगाम लागला, थ्रेशर भाड्यानं गेलं,
हिवराज हैदराबादकडे, सेंट्रिंगच्या कामावर.
फोन लागायचा. येतो, म्हणायचा.
ते सगळं
वेताळानं ऐकलेलं आहे.

दोन वर्षांनी, मंडईच्या रात्री,
यादोरावनं सिनेमा दाखवला, होता तसा.
शाळेच्या भिंतीवर दोन चादरी जोडून;
शिवण बरोबर राजाच्या नाकावरून गेली.
लोक हसले.
हसायचं नव्हतं तिथंही हसले.
शेवटी हिवराज बुरुजावर एकटा,
हातात तलवार, कोपराखाली माझी चार बोटं,
खाली गावात एकही दिवा नाही
असं आपण समजायचं.
आणि संपलं.

"अन् वापस?" कोणीतरी ओरडलं.
"वापस कई आला तो?"
यादोरावनं प्रोजेक्टर बंद केला नाही.
पांढरा उजेड तसाच राहिला, त्यात किडे.

वडस्याची शेवटची गाडी त्या दिवशी उशिरा आली होती.
पाठीला बॅग, हातात चिवड्याचं पाकीट,
पोट सुटलेलं, मिशा गेलेल्या;
सतरंज्यांवरच्या माणसांतून वाट काढत
तो उजेडात आला
आणि सावली चादरींवर पडली, बुरुजाएवढी.
एक पोरगं उभं राहून पाहू लागलं,
एकदा भिंतीकडे, एकदा त्याच्याकडे.
टाळी कुणी वाजवली नाही.

पर्वताबाई पुढंच बसलेली.
कपाळावर हात आडवा धरून तिनं निरखलं.
"जेवला का गा?"

हो, म्हणाला तो.

ती तरीही उठली.