चालवून बघा की

नाशकात नऊ डिग्री. महिरावणीच्या टपरीवर
सायकली भिंतीला टेकवून
कपावर बोटं शेकत होतो,
तेवढ्यात कॅनडाहून पुष्करचा फोटो:
दारात गुडघाभर बर्फ, हातात लाल फावडं.
"सायकल तळघरात. सध्या हेच."

"फ्रेम कशाची?" बोरस्तेंनी चष्मा वर सरकवला.
"ॲल्युमिनियम. दांडा वाकडा, म्हणजे रेसिंगचं."
"गिअर?"
"एकच. तोही कमरेत."
गायधनी सर गंभीरपणे म्हणाले,
सीट नाही, मूळव्याधीला उत्तम.
"ॲव्हरेज काय देतं?"
"तासाला अकरा पायऱ्या, उतार धरून."

खैरनारच्या नाकातून चहा आला.

पलीकडे खडीच्या ढिगापाशी
रस्त्याच्या कामावरची बाई ऐकत होती.
तिच्या फावड्याचा दांडा बाभळीचा,
मुठीपाशी काळा, चकचकीत.
"ताई, हे कुठलं मॉडेल?"
खैरनारला राहवेना.
तिने फावडं त्याच्या हातात दिलं.
"चालवून बघा की."

तीन घमेली भरली त्याने.
चौथ्याला हेल्मेट काढलं.
पाचवं तिनेच भरलं, बोलता बोलता.

पुष्करला खैरनारच्या तळहाताचा फोटो पाठवला.
उत्तर लगेच आलं,
तिकडे रात्र असून:
"फोडू नको. मलाही तिथंच आला होता."