दोन गळ्यांचा

प्रतापनगरच्या पुलाखाली नगीनभाईनं
गुजराती पेपरावर शेजारी शेजारी मांडले दोन्ही कार्ब्युरेटर :
एक आमच्या पद्मिनीचा, एका गळ्याचा,
पस्तीस वर्षं तिच्या छातीत खोकलेला,
आणि एक सौमित्रनं पुण्याहून कुरिअरनं धाडलेला,
दोन गळ्यांचा, चकचकीत,
सोबत चिठ्ठी : आई, हाच बसव. मग पिकअप बघ.

मी विचारलं, यातला चांगला कुठला?
तो म्हणाला, ते नंतर.
आधी सांगा बेन, गाडी जाते कुठं?

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
रावपुऱ्याहून खंडेराव मार्केट. भाजी.
बुधवारी फतेगंज, दाताचे डॉक्टर,
आता दातच संपत आलेत.
महिन्यातून एकदा कारेलीबागेत नलूवन्संकडे,
त्या चहा देतात, आणि गाडी विकायचा सल्ला.
सगळं मिळून नऊ किलोमीटर,
त्यात सिग्नल सात.
हायवे?
हे होते तेव्हा. हालोलपर्यंत. एकदाच.

नगीनभाईनं मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.
मोठा गळा म्हणजे मोठी ताकद, असं नाही हां बेन.
हळू चालवलं तर रुंद वाटेत हवा आळसावते,
पेट्रोल उचलत नाही, थेंबाचा थेंब राहतो,
अर्धा जळतो, अर्ध्याचा धूर.
अरुंद बोळातनं हवा पळते,
पळता पळता पेट्रोलचं धुकं करते.
जळतं ते धुकं.

म्हणजे हा सौमित्रचा वाईटच?
ना ना. हा हुशार छे.
आधी एकच गळा उघडतो, लहानसा.
पाय पार खाली दाबाल, तरच दुसरा.
तुमच्या चालीनं चालवाल
तर तो जन्मभर मिटलेला राहील.
पण राहील तिथं.

खाली बसवायची पट्टी मकरपुऱ्यात
लेथवर करून घ्यावी लागेल, म्हणाला.
साडेचार हजार.
मी पर्सची चेन उघडली, लावली.
जुनाच ठेवा. साफ करा. जेट बारीक घाला.

लिटरला अकरा जायची, आता चौदा जाते.
दुधाच्या वहीत मागच्या पानावर
तारखेसकट लिहून ठेवलंय.
सौमित्र फोनवर विचारतो, कसा आहे पिकअप?
मी म्हणते, अरे, उडते!

दोन गळ्यांचा स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो,
तांदळाच्या डब्याशेजारी.
दोनदा धुतला, तेलाचा वास जात नाही.
दुपारी कुकर होईस्तोवर
करंगळीनं त्याची कांडी ढकलते :
आधी पहिली चकती कलते,
पुढं बराच वेळ काहीच नाही,
आणि अगदी शेवटी, बोट दुखायला लागल्यावर,
दुसरी.
तिच्यातून पलीकडच्या गच्चीवरची दोरी दिसते
आणि कुणाची तरी ओली पिवळी ओढणी,
रुपयाएवढी.

सोडलं की टच्.
तिसरी शिट्टी कधी झाली कळत नाही.