आधी तोंड बघ

तीस वर्षं मी मालवणच्या बाजारात बसले.
मासा मला कल्ल्यावरून कळतो.
लाल असला तर पहाटेचा,
तपकिरी असला तर कालचा,
आणि परवाचा असला
तर तो पर्यटकाचा.

आता हे म्हणतात, मासे काचेत ठेवायचे.
गुडघे गेले, होडी विकली,
त्या पैशातून पहिली वस्तू आली ती चार फुटी पेटी.
आणि तीही गोड्या पाण्याची!
आमच्यात गोड्या पाण्यातला मासा
ताटात कोणी घेत नाही,
चिखल लागतो जिभेला.

कुडाळला बस्त्यावच्या दुकानात
स्टुलांवर बसलो दोघं,
मुलगी बघायला गेल्यासारखे.

मला आवडला वाटाण्याएवढा पफर.
हिरवा, गोल, दोन डोळे दोन दिशांना,
माझ्या थोरल्या नणंदेसारखं सगळीकडे लक्ष.
"दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो," बस्त्याव म्हणाला.
हे म्हणाले, "नको गो. एक पुरे आसा घरात."
मी हसले नाही.

मग हत्तीसोंड्या.
काळा, हनुवटीला इवलीशी सोंड,
गढूळ पाण्यात अंगातल्या विजेनं वाट काढणारा.
ह्यांनी त्याच्याकडे फार वेळ बघितलं.
एकदा धुक्यात वायरलेस बंद पडला, तेव्हा
निवतीच्या खडकांमधून हे नुसत्या आवाजावर परत आले होते.
ते त्याला सांगायचं असावं.

शेजारच्या टाकीत सुरीच्या पात्यासारखा दुसरा,
तोही काळा, तोही विजेवर चालणारा.
मी म्हटलं, दोन्ही घेऊ.
बस्त्यावनं मान हलवली.
एका पाण्यात दोघं एकदम बोलायला लागले
की कुणालाच काही ऐकू येत नाही.
मग कोपरा धरतात. जेवण सोडतात.

आम्ही दोघं एकदमच
दुसरीकडे बघायला लागलो.

ह्यांचं प्रत्येक टाकीपाशी एकच:
"आधी त्वांड बघ. तोंडात मावता
तो शेजारी नाय, तां जेवाण."
चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस,
मोठ्यानं लहानाला खाल्लं नाही
असा एक दिवस न बघितलेला,
चष्मा पुसून पुसून तोंडं मापत होता.

शेवटी हत्तीसोंड्या एक.
उलटे मासे तीन, तेव्हा पिशवीत सरळच वाटले.
आणि सहा काचमासे,
सुरी न लावता काटा मोजता येईल असे आरपार.
एकटा ठेवला तर झुरतो, म्हणून सहा.
साडेतीनशेला नग.
किलोला किती पडले ते मनात काढलं
आणि एसटी मालवणात शिरेपर्यंत बोलले नाही.

पाणी कट्ट्याहून आणलं, माझ्या माहेरच्या विहिरीचं,
जांभ्यात मुरलेलं. आमच्या विहिरीला
वैशाखात मिठाची चव येते.
सोंड सोलू नये म्हणून नदीची वाळू
ह्यांनी तीनदा चाळली, माझ्या तांदळाच्या चाळणीनं.
चाळण आता त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी चारला उठले, टोपली घ्यायला.
लाकडाच्या ओंडक्याखाली तिघंही उलटे.
पोटं वर.
बाजारात पोट वर म्हणजे फेकायचा.
ह्यांना हाक मारली नाही.
बाही सारली, हात घातला,
उजाडायच्या आत माडाच्या मुळाशी पुरावेत म्हणून.
बोट लागलं मात्र,
तो सुळकन निघाला,
उलटाच.
पोट काळं, पाठ फिकी,
आकाश जणू खाली ठेवलेलं त्यानं.

अंधारात खाटेवरून आवाज आला,
"तो तसोच आसता."
म्हणजे हे जागेच होते.

पदराला हात पुसला, निघाले.
जेटीवर बांगडा उतरत होता.
वाटा उचलला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा
मी माशाचं तोंड बघितलं.
कल्ले नंतर.