शिकाऊ

भाचा पुण्याहून आला, पाठीवरच्या पिशवीत
घडी घातलेली पतंग घेऊन.
कामटी नाही, शेपूट नाही, कागद तर नाहीच.
उशीच्या खोळीसारखे सात कप्पे शेजारी शेजारी शिवलेले,
तोंडं उघडी,
अन् दोन दोऱ्या, एक लाल, एक निळी.
"मामा, ही आपल्याला ओढते," संघदीप म्हणाला.

मी हसलो.
एकतीस वर्षं लाईनमन होतो.
पतंग म्हणजे तारेवरून काढायची वस्तू,
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बांबूला विळा बांधून,
खाली पोरं उभी, हात पसरून.

चिचटोल्याची बोडी चैतात आटते.
तळाच्या गाळाचे पापड होतात.
काठाला बेशरमाची झुडपं, त्यात इंदूबाई कोडापेच्या शेळ्या.
मी आधी वर पाहिलं. सवय.
अकरा केव्हीची लाईन पाळीपलीकडून जाते,
मीच ओढली होती, चौऱ्याण्णव साली, हेल्पर असताना.
"दोरी किती लांब?"
"वीस मीटर."
तरी पावलं मोजून आलो. चारशे बारा.

संघदीपनं काडीनं मातीत अर्धा गोल काढला.
"हे वाऱ्याचं घर. कडेला वारा गरीब.
डोक्यावर नेली तर नुसती उभी राहते.
मधात मात्र दांडगा. मधात एकदम नेऊ नका."
"अन् भेव वाटला तर?"
"सोडून द्यायचं. दोन्ही मुठी.
पट्टा मनगटाला राहतो, ती आपोआप निजते."

सोडून द्यायचं.
डोमाजी मिस्त्रीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं,
खांब सोडला तो गेला.
(डोमाजीही गेला. खाटेवर, झोपेत,
खाटेची दांडी धरून.)

पहिल्यांदा नाकावर आपटली.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्या वेळी वारा आला अन् कप्पे भरत गेले,
पंगतीत वाढत जावं तसे, एकामागून एक.
कापडाची फडफड थांबली
अन् दोऱ्या गुणगुणायला लागल्या.
हा आवाज ओळखीचा.
थंडीत तारांना ताण बसला की असाच.

उजवी ओढली, उजवीकडे. डावी ओढली, डावीकडे.
एवढंच.
बैलांचे कासरेच हे,
फक्त बैल आभाळात, अन् छकडा मी.

मग मला हाव सुटली.
मधात नेली.

टाचा रोवल्या, पापड कडाकड मोडले.
एक चप्पल मागे राहिली, मग दुसरी.
संघदीप ओरडतोय, सोडा मामा, सोडा.
इंदूबाई काय ओरडतेय ते ऐकू येत नाही.
शेळ्या बाजूला होऊन बघताहेत.
ब्याऐंशी किलोचा माणूस, पेन्शनवाला,
चादरीएवढ्या कापडामागे धावतोय,
अन् मुठी ऐकत नाहीत.
एकतीस वर्षांच्या मुठी त्या.
कोणीतरी होऽऽ होऽऽ करत होतं,
तो मीच, हे मागाहून कळलं.

डावी आधी उघडली. का, ते माहीत नाही.
पतंगीनं गिरकी घेतली.
मग उजवी.

गुडघ्यांवर होतो. तळव्यात सिंगाड्याचा जुना काटा.
हात रिकामे.
खाली जमीन होतीच.
पन्नास पावलांवर पतंग,
वाळत घातलेला परकर पडावा तशी.

इंदूबाई काठीच्या टोकावर माझी चप्पल घेऊन आली.
"भाऊ, या वयात शोभते का हे?"
मी मान हलवली, काटा उपटला.
ती गेली नाही.
दोरीला बोट लावून बघितलं,
लालला, मग निळीला.
"मले देता का एकडाव?"

पट्टा तिच्या मनगटात बसेना, बांगड्या आड येत होत्या.
तिनं त्या कोपरापर्यंत सारल्या,
पदर खोचला, पाय फाकवून उभी राहिली.
मी तिची काठी धरली. शेळ्या आता माझ्या.
"अन् सोडाचं कवा?"
संघदीपनं माझ्याकडे पाहिलं.
मी तारेकडे पाहिलं, पाळीपलीकडे,
अन् म्हणालो,
"मी सांगतो."