डावं-उजवं

मार्चमधला शनिवार. गॅरेजचं पत्र्याचं दार
वर ढकललं की आधी थंडी आत शिरते, मग आपण.
जावा तीनशे पन्नास, माझ्याहून चार वर्षांनी मोठी,
घोंगडीखाली उभी. टाकीचा लाल रंग
आता चेरीचा राहिलेला नाही, विटेचा झालाय.
सप्टेंबरपासून ती एकाच सिलिंडरवर लंगडत होती
आणि ऑक्टोबरपासून बाबाही.

इह्लावाच्या दवाखान्यात तीन आठवडे. डॉक्टर म्हणाल्या,
पाय सुधारेल. शब्दही येतील,
पण जो बोलावला तोच येईल असं नाही.
मीठ हवं असतं, तोंडातून खिडकी निघते.
मला ओताकार म्हणतात. ओताकार लिंझला असतो,
नाताळात फोन करतो.

आज स्टुलावर बसलेत, मांडीवर चिंधी,
कोटाच्या आतल्या खिशात दोन नवे प्लग,
थंडी लागू नये म्हणून ठेवल्यासारखे.

"टोपी," म्हणाले. हा शब्द बरोबर आला.
मी ओढली, वायरला नाही, टोपीला धरून;
एवढं मला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे.
भोवतालची माती फुंकली, नाहीतर आत पडते.
एकवीसचा पाना. जोर लावला. कुरकुरला, मग सुटला.

जुने प्लग त्यांनी चष्म्यापाशी धरले,
वैद्यानं जीभ बघावी तसे.
उजवा बिस्किटी, ठणठणीत.
डावा काळा, ओला, तेलकट.
"मग डावाच बदलू?"
त्यांनी मान हलवली, दोन बोटं जोडून उभी केली.
पुढचं वाक्य मला पाठ आहे, न बोलताही ऐकू आलं:
दोघांत डावं-उजवं करायचं नाही.
एक थकला की दोन्ही नवे.
(जावा ओताकारला द्यायची, हेही
याच गॅरेजात ठरलं होतं. असो.)

फट त्यांनीच मापली. शून्य पॉइंट सहाची पाती
बोटांत थरथरत होती; फटीत शिरताना थांबली,
बाहेर आल्यावर पुन्हा सुरू.
नवा प्लग आधी हातानं फिरवायचा,
आटे सरळ बसले की बोटांना कळतं,
पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्यापुरता.
जुन्या वायरी वाकवल्या तर रबर तडकलं,
भेगेतून हिरवं पडलेलं तांबं दिसलं.
जुनीच्या मापानं नवी कापली,
टोपीतला स्क्रू तारांत रुतेपर्यंत पिळला.

मग विचारलं, ही कुठल्या बाजूची?
"डावी," म्हणाले बाबा
आणि बोट केलं उजवीकडे.

मी शब्दावर विश्वास ठेवला.
वीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवते, ठेवणारच.

किक आणि गिअरचा एकच दांडा; आत दाबला, वर वळवला,
उभी राहून सगळं वजन टाकलं.
काही नाही. पुन्हा. काही नाही.
तिसऱ्यांदा सायलेन्सरमधून असा बार निघाला
की झ्देन्काबाईंच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या
आणि समोरच्या खिडकीत आख्खं क्राटोख्वील कुटुंब जमलं.

मी घाबरून वळले.
बाबा हसत होते. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.
ओठाची एकच बाजू वर जात होती,
एका सिलिंडरवरचं हसू,
पण चालू होतं.

"डावी," डोळे पुसत पुन्हा म्हणाले,
बोट पुन्हा उजवीकडे, हट्टानं, हवेत ठोसे मारत.

वायरींची अदलाबदल केली.
पहिल्याच किकला लागली. दोन्ही.
निळा धूर, पेट्रोलात मिसळलेल्या तेलाचा वास,
फळीवरचे डबे खुळखुळायला लागले.
बाबांनी तळवा टाकीवर ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.

"मीठ," म्हणाले मग, खोकत.
मी त्यांच्या बोटाकडे बघितलं,
आणि जाऊन खिडकी उघडली.