डोळ्याच्या देठात

पौड फाट्याला, पुलाखाली,
चांगुणा वाघमारे खेकडे विकते.
नांग्या सुतळीनं बांधलेल्या, पाटीवर ओला गोणपाट.
"अवसेचा घे बाय, भरलेला असतो.
पुनवेचा निस्ता पोकळ."
मी तिला सांगत नाही, मला मांस नको,
डोळे हवेत.

कॉलेजच्या तळघरात तांबडा दिवा,
खिडकीला काळा कागद, त्याला पडलेली भोकं
चिकटपट्टीनं बुजवलेली.
घमेल्यात मुळशीच्या ओढ्याचे अकरा जण.
डोळा डोक्यात नाही यांचा, देठावर आहे.
आणि देठाच्या आत, मोहरीहून लहान,
एक ग्रंथी.
उजेड वाढला की ती रक्तात काहीतरी सोडते,
थेंब म्हणावा इतकंही नाही,
आणि डोळ्याच्या हजार खिडक्यांवर
काजळ सरकून बसतं.
रात्री ते मागे जातं.
एवढंच.
एवढ्यावर माझी चार वर्षं गेली.

मंगळवारी पेटी बंद केली.
शुक्रवारी, उजेडाचा कण न दाखवता,
एकाचा डोळा काढून काचेवर घेतला:
काजळ अर्ध्या वाटेवर आलेलं.
घड्याळात सहाला दहा कमी.
वर जाऊन पाहिलं तर हडपसरच्या अंगाला
नुकतं फटफटत होतं,
पहिली पीएमटी रिकामी धावत होती.
याला कोणी सांगितलं?

रेगे मॅडम म्हणाल्या, आता देठ खुडा,
अर्क करा, अंधारातल्या दुसऱ्याला टोचा.
टोचला.
तासाभरानं त्याच्या डोळ्यात
भर दुपार झाली होती,
दुसऱ्या कोणाची तरी.
मी वहीत आकडे लिहिले. हात धुतले. पुन्हा धुतले.

देठ खुडलेल्यातल्या एकानं
वेळेआधीच कवच टाकलं.
रिकामं कवच एका कोपऱ्यात,
आणि तो दुसऱ्या, लोण्यासारखा,
पाण्याच्या हलण्यालाही दचकणारा.
डब्यात घालून चांगुणाकडे नेला, का ते माहीत नाही.
तळघरातून आलेली मी,
उन्हात डोळे मिचकावत उभी.

तिनं बोटानं पाठ दाबून पाहिली.
"मऊ हाय गं. तसला आमी धरत न्हाई,
वढ्यातच ऱ्हाऊ देतो."
मग डबा तिरपा करून, जरा वाकून,
"आन् याचं डोळं?"

माझ्या डोळ्यांपुढे अजून सगळं पांढरंच होतं.