तांब्याची चकती

अंबाजोगाईच्या कॉलेजात, मागच्या खोलीत
नखाएवढी तांब्याची चकती
द्रावणात बुडवून बसलेय.
एका अंगानं सिलिंडरमधला कर्बवायू,
दुसऱ्या अंगानं वीज.
ती वीजही परळीचीच, कोळशाची.
हे कळलं तेव्हा गयबूमामा
टेबल पुसायचा थांबला:
"म्हंजे धूर मोडायला पुन्ना धूरच?"
मी म्हटलं, पुढं छतावर सौर पॅनल बसवू.
"बसवा," म्हणाला, आणि पुसू लागला.

बप्पा राखेच्या तळ्यावर पाईप जोडायचे.
घरी आले की आधी भुवया धुवायचे.
त्यांना माझं काम सांगितलं तर म्हणाले,
दिसत नाही ते कामून मोजतीस?

चकती हट्टी.
कर्बाला हात लावायचा सोडून
पाणीच फोडत बसते.
बुडबुडे, नुसता हायड्रोजन.
चार महिने हेच.
मग एका रात्री तांबं भट्टीत टाकलं,
काळंठिक्कर पडू दिलं,
पुन्हा बुडवलं.
सकाळी यंत्राच्या कागदावर
सपाट रेघेत एक उंचवटा,
नांगरटीत राहून गेलेल्या ढेकळाएवढा:
इथेनॉल.

शंभरातले अकरा इलेक्ट्रॉन कामाला लागले होते.
बाकीचे कुठं गेले ते ठाऊक आहे मला.

गयबूमामानं बाटली हुंगली.
"पाणीच हाय की."
मग जरा थांबून,
"याच्यावर गाडी किती जाईल?"
या टेबलापासून दारापर्यंत,
तेही ढकलली तर.

त्यानं जाऊन दार उघडून ठेवलं.